पाचशेचाळीसची रुपेरी डबी

तामिया कंपनीच्या आरसी म्हणजे रिमोटच्या गाडीचं खोकं नवशिक्याने उघडलं, की आजूबाजूचे जाणकार पहिला सल्ला देतात तो मोटर बदलण्याचा. खोक्यात चासीचे काळे भाग असतात, स्क्रूच्या पुड्या असतात, रंगवायची पारदर्शक बॉडी असते आणि कोपऱ्यात ३६ मिलिमीटर व्यासाची, ५० मिलिमीटर लांबीची एक रुपेरी डबी असते. ही ५४० मोटर. शौकीन तिला ‘सिल्व्हर कॅन’ म्हणतात. ‘ती ठेव बाजूला, ब्रशलेस घाल,’ असं सांगणारे बहुतेकजण स्वतः याच डबीवर गाडी चालवायला शिकलेले असतात. सल्ला चुकीचा नाही, पण घाईचा आहे. या स्वस्त मोटरीत जी मजा आहे ती महाग मोटरीत कमी होते, काही बाबतींत तर नाहीशीच होते.

इथे रिमोटची गाडी म्हणजे खेळण्यांच्या दुकानात दाराशी टांगलेली गाडी नव्हे. तिचं बटण दाबलं की पूर्ण वेग, सोडलं की ठप्प. मोडली की माळ्यावर. छंदाच्या गाडीत ट्रिगर जेवढा दाबाल तेवढीच ती पळते. चाकं वळवायला सर्व्हो, मोटरीला किती वीज सोडायची ते ठरवायला ईएससी नावाची काडेपेटीएवढी पेटी, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक गिअर, प्रत्येक दांडी सुटी विकत मिळते. दहा-दहा वर्षं जुन्या गाड्या या सुट्या भागांवर पळत राहतात.

हा छंद सर्वसामान्यांपर्यंत नेण्यात जपानमधल्या शिझुओका शहराचा मोठा वाटा आहे. योशिओ तामिया यांनी १९४६ साली तिथे लाकूड कापायची गिरणी काढली. १९५१ मध्ये आग लागून लाकडाचा साठा जळाला, आणि लाकडी मॉडेलांचा जो जोडधंदा होता तोच पुढे मुख्य धंदा झाला. मग लाकूड जाऊन प्लास्टिक आलं. योशिओंचे चिरंजीव शुन्साकु तामिया बारकाव्यांच्या बाबतीत कमालीचे हट्टी. पोर्शच्या मॉडेलसाठी हाताशी असलेली मापं पुरेनात, तेव्हा त्यांनी खरीखुरी पोर्श ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून मापं काढली! त्यातून तयार झालेल्या १:१२ प्रमाणाच्या पोर्श ९३४ मध्ये १९७६ साली रेडिओ आणि विजेची मोटर आली. पहिल्याच वर्षात ही गाडी लाखाच्या वर खपली. शुन्साकु तामिया २०२५ च्या जुलैमध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी वारले. प्लास्टिक मॉडेलच्या जगात त्यांचं नाव मोठं आहेच, पण विजेवरच्या आरसी गाडीची बाजारपेठ उभी राहिली ती या एका पोर्शपासून, असं म्हणायला हरकत नाही.

१९७९ मध्ये सँड स्कॉर्चर आणि रफ रायडर या मातीत पळणाऱ्या बग्ग्या आल्या. धातूचे भाग भरपूर, किंमतही तशीच. १९८४ मध्ये तामियाने उलटा रस्ता धरला. ग्रासहॉपर नावाची बग्गी आली : टबासारखी एकसंध प्लास्टिकची चासी, मोजके भाग, आणि ५४० पेक्षाही लहान ३८० मोटर. त्याच वर्षी जवळपास त्याच चासीवर ५४० मोटर लावून हॉर्नेट आली. दोन्ही गाड्यांची रचना जाणकारांना हसू येईल इतकी साधी आहे. मागचा धुरा अखंड गिअरबॉक्ससकट वरखाली होतो, आणि वळणावर गाडी अशी काही उड्या मारते की चालवणाऱ्याने सरळ रेषेची आशा सोडावी. हॉर्नेट २००४ मध्ये आणि ग्रासहॉपर २००५ मध्ये कंपनीने पुन्हा बाजारात आणली. १९८४ च्या त्या काळी जे पोरगं दुकानाच्या काचेला नाक लावून उभं होतं, ते आता स्वतःच्या पगारातून ही खोकी घेतं. त्यात नवल नाही. नवल हे, की त्याचा मुलगाही ती चालवतो आणि त्यालाही ती आवडते.

५४० हा आकडा मुळात माबुची मोटर या जपानी कंपनीचा. १९५४ साली स्थापन झालेल्या या कंपनीने छोट्या डीसी मोटरींपलीकडे दुसऱ्या कशाचा नाद केला नाही. खऱ्या मोटारींचे आरसे हलवणाऱ्या आणि दरवाजे लॉक करणाऱ्या मोटरींतही तिचं नाव आघाडीवर आहे. आज ५४० म्हणजे एका आकाराचं नाव झालं आहे. डझनावारी कारखाने त्या आकाराची डबी काढतात.

डबी उघडून पाहणं हा या छंदातला अर्धा आनंद. मागच्या झाकणावर पत्र्याचे कान दुमडलेले असतात, ते पक्कडीने सरळ केले की झाकण सुटतं. आत भिंतीला चिकटलेले दोन काळे, कमानदार फेराइटचे चुंबक. मधे तीन दातांचं आर्मेचर, प्रत्येक दाताभोवती एनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे वेढे. शाफ्टच्या टोकाशी तीन तुकड्यांत चिरलेली तांब्याची नळी, म्हणजे कॉम्युटेटर, आणि तिच्यावर दोन बाजूंनी टेकलेले कार्बनचे ब्रश. मिक्सर दुरुस्त करणारा ‘कार्बन गेलेत’ म्हणतो, ते याच जातीचे. वीज कार्बनमधून तांब्याच्या तुकड्यात जाते, तिथून वेढ्यात. वेढा चुंबक बनतो, डबीच्या चुंबकाकडे ओढला जातो, शाफ्ट फिरतो. फिरला की कार्बनखाली पुढचा तुकडा येतो आणि वीज दुसऱ्या वेढ्यात शिरते. मिनिटाला हजारो वेळा ही अदलाबदल होते आणि त्यात एकही चिप नाही. अंधारात डबीच्या भोकांतून निळसर ठिणग्या दिसतात.

चार-सहा महिने पळवलेली मोटर उघडली तर आतून राखाडी भुकटी सांडते. तो झिजलेला कार्बन. कॉम्युटेटर नव्या पैशासारखा चकचकीत न राहता काळपट तपकिरी झालेला असतो. खोडरबराने घासला तरी बराच उजळतो. तुकड्यांमधल्या फटीत भुकटी साचली असेल तर ती टोकदार काडीने काढायची. ब्रशलेस मोटरीत ना कार्बन ना कॉम्युटेटर, त्यामुळे असलं काही करण्यासारखं नसतं. ती चालते किंवा चालत नाही.

वेढे किती, यावर मोटरीचा स्वभाव ठरतो. त्याला सगळे ‘टर्न’ म्हणतात. टर्न कमी केले की तार जाड घेता येते, विरोध कमी होतो, वीज धो-धो वाहते आणि मोटर सुसाट पळते. टर्न वाढवले की वेग उतरतो, बॅटरी जास्त पुरते आणि गाडी हळू, दमाने चालवता येते. साध्या ५४० मध्ये २७ च्या आसपास टर्न असतात. अमेरिकेच्या ट्रॅक्सस कंपनीच्या स्लॅश या ट्रकमधली टायटन मोटर १२ टर्नची, त्यातही लांब, ५५० आकाराची. खडकांवर चढणाऱ्या गाड्यांत ३५ किंवा ५५ टर्नच्या मोटरी सर्रास दिसतात.

नवी मोटर एकदम पूर्ण ताकदीवर पळवू नये, यावर सगळ्यांचं एकमत आहे. कार्बनचा ब्रश नवा असताना सपाट असतो, कॉम्युटेटर गोल. ब्रश घासून त्याला कॉम्युटेटरची गोलाई येईपर्यंत स्पर्श कडेकडेनेच होतो आणि ठिणग्या जास्त उडतात. पुढे मात्र दोन तट पडतात. एक म्हणतो, दोन पेन्सिल सेल लावून मोटर तासभर नुसती फिरू द्यावी. दुसरा म्हणतो, पाण्याच्या ग्लासात बुडवून फिरवावी. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण तीन व्होल्टला पाण्यात काही बिघडत नाही. दोन-चार मिनिटांत ग्लासातलं पाणी गढूळ राखाडी होतं. पाणी भुकटी धुऊन नेतं आणि मोटर थंडही ठेवतं. नंतर ती कोरडी करून दोन्ही बुशांत तेलाचा एकेक थेंब सोडायचा, नाहीतर आतला पत्रा गंजतो. पाणीवाले घाईचे आणि कोरडेवाले सोवळे, एवढाच खरा फरक; दोघांच्याही गाड्या पळतात.

वेगाचा हिशोब कागदावर मांडता येतो. तामियाची टीटी-०२ ही २०१३ पासूनची, रस्त्यावर पळणारी १:१० ची गाडी घेऊ. ७.२ व्होल्टला साधी ५४० मिनिटाला साधारण १४ ते १५ हजार फेरे घेते. मोटरीवरचा पिनियन २२ दातांचा, त्याला भिडणारा स्पर गिअर ७० दातांचा, पुढे गिअरबॉक्समध्ये आणखी २.६ पट घट. म्हणजे मोटरीचे ८.२७ फेरे झाले की चाकाचा एक. चाक मिनिटाला १,७५० च्या आसपास फिरतं. टायरचा व्यास ६४ मिलिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात जेमतेम २० सेंटिमीटर. हिशोब येतो ताशी २१ किलोमीटरवर. पूर्ण चार्ज केलेली दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी ८.४ व्होल्ट देते, तेव्हा आणखी थोडा वेग. शौकीन लगेच दहाने गुणून ‘ताशी दोनशे दहा’ सांगतात. भौतिकशास्त्रात या गुणाकाराला काडीचा अर्थ नाही, पण गाडी जमिनीलगत चालवणाऱ्याच्या डोळ्यांना तसंच भासतं, हेही खरं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताशी २१ चा वेग पुरून उरतो. तीच गाडी ब्रशलेसवर ताशी साठने सोडली की दुसऱ्या खांबाशी छंद संपतो आणि दुरुस्ती सुरू होते.

आज स्वस्त वाटणारी ही जात एकेकाळी जागतिक शर्यती गाजवत होती. नव्वदच्या दशकातल्या शर्यतवाल्याच्या टेबलावर हातभर लांबीचा लेथ असे. चार-दोन फेऱ्या झाल्या की आर्मेचर बाहेर काढायचं, लेथवर चढवायचं, हिऱ्याच्या टोकाने कॉम्युटेटरचा केसाएवढा थर उतरवून तांबं पुन्हा लख्ख करायचं. मग कोणता कार्बन, कोणत्या ताणाची स्प्रिंग, झाकण किती अंश फिरवून टायमिंग पुढे घ्यायचं, यावर रात्र जायची. स्प्रिंग कडक केली तर स्पर्श पक्का होतो पण घर्षण वाढतं; ढिली ठेवली तर वेगात कार्बन उडतो. जपानचे मासामी हिरोसाका यांनी १९८७ पासून एकूण १४ जागतिक अजिंक्यपदं मिळवली, त्यातली बहुतेक या लेथच्या काळातली. अमेरिकेत खर्चाला लगाम म्हणून ‘स्टॉक’ वर्ग होता : २७ टर्न, टायमिंग बंदिस्त. तरी एकसारख्या मोटरींतून जोरदार निघणारी हुडकण्यासाठी लोक पेटीभर मोटरी विकत घेत! २००० नंतरच्या दशकात ब्रशलेस आली आणि लेथ अडगळीत गेले. बऱ्याचजणांनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही.

सिल्व्हर कॅनची गोष्ट या खटाटोपाच्या बाहेरची आहे. तिचा कार्बन बदलता येत नाही, टायमिंग फिरवता येत नाही. म्हणूनच अनेक क्लब एक वर्ग फक्त तिच्यासाठी ठेवतात. काही शर्यतींत तर आयोजकच सीलबंद मोटरी वाटतात. सगळ्यांकडे तीच डबी, म्हटल्यावर सरळ रस्त्यावर कुणी कुणाला मागे टाकत नाही. जो वळणात वेग कमी गमावतो तो पुढे जातो. तामियाच्या छोट्या मिनी कूपर जातीच्या गाड्यांच्या शर्यती बघायला म्हणूनच बहार येते. सहा-सात गाड्या एकमेकींच्या बंपरला चिकटून वळण घेतात, आणि निकाल शेवटच्या कोपऱ्यापर्यंत लटकलेला राहतो.

ब्रशची मोटर खऱ्या अर्थाने सरस ठरते ती मात्र अगदी हळू चालताना. साध्या, सेन्सर नसलेल्या ब्रशलेसच्या ईएससीला मोटर थांबलेली असताना तिचा रोटर कुठल्या कोनात आहे हे कळत नाही. फिरायला लागली की कळतं. त्यामुळे खडकाला चाक टेकवून गाडी थांबवायची आणि तिथून केसभर पुढे घ्यायची म्हटलं, की ती अडखळते, गचके देते. ब्रशच्या मोटरीत कॉम्युटेटर आपोआप योग्य वेढ्यालाच वीज देतो. ट्रिगर किंचित दाबला की चाक किंचित फिरतं. सेन्सर असलेल्या ब्रशलेस हा दोष काढतात, पण त्यांची किंमत कित्येक पटींनी वाढते. म्हणून खडकांवर चढणाऱ्या क्रॉलर गाड्यांत आजही ब्रशच्या मोटरी राज्य करतात. नासाच्या सोजर्नर या रोव्हरनेही १९९७ मध्ये मंगळावर सेकंदाला सेंटिमीटरभर अशा चालीने सुमारे १०० मीटर मजल मारली, ती स्वित्झर्लंडच्या मॅक्सन कंपनीच्या ११ ब्रशच्या मोटरींवर. सात दिवसांसाठी पाठवलेली ती गाडी मंगळावरचे ८३ दिवस टिकली. २००४ मध्ये उतरलेल्या ऑपॉर्च्युनिटीची ४५ किलोमीटरची चालही ब्रशच्याच मोटरींची. पुढे क्युरिऑसिटीत ब्रशलेस आल्या हे खरं, पण मधल्या काळात मंगळावर जी काही दगडधोंड्यांतून वाट निघाली ती ब्रश झिजवतच.

घरच्या क्रॉलरला एवढं लांब जायची गरज नाही. अॅक्सियलची एससीएक्स२४ ही १:२४ ची गाडी जेमतेम वीतभर लांब. ट्रॅक्ससची २०२२ मधली टीआरएक्स-४एम तिच्याहून थोडी मोठी, १:१८ ची. कुंडीतल्या खड्यांवर, पुस्तकांच्या चवडीवर, जिन्याच्या पायरीवर त्या चढतात. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला झाला असेल तर मावळ्यांनी थोडा वेळ बाजूला व्हावं. वीतभर गाडीला बुरूज चढून माचीवर पोचायला अर्धा तास सहज लागतो, आणि तो अर्धा तास कुणी मोबाइलकडे बघत नाही. यात वेगाचा प्रश्नच येत नाही. कुठल्या चाकाखाली कोणता दगड आला, वजन कुठे झुकलं, पुढचं चाक हवेत गेलं तर थांबायचं की रेटायचं, एवढाच विचार. ट्रिगर सोडला की चांगली ईएससी मोटरीची दोन टोकं आतल्या आत जोडते, मोटर जनित्रासारखी वागून स्वतःलाच अडवते आणि गाडी उतारावर जागच्या जागी चिकटून राहते. याला ड्रॅग ब्रेक म्हणतात.

बिघाड मात्र ठरलेले आहेत. सगळ्यात मोठा शत्रू उष्णता. नवशिक्याला वेग हवा असतो, तो मोठा पिनियन घालतो. मोटरीवर भार वाढतो, ती जास्त वीज ओढते, तापते. फेराइटचे चुंबक तापले की त्यांची ताकद उतरते. ताकद उतरली की मोटर आणखी वीज ओढते. दहा मिनिटं पळवून डबीवर बोट टेकवावं. तीन सेकंद ठेवता आलं तर ठीक, झटक्यात काढावं लागलं तर पिनियनचे दोन दात कमी करावेत. पिनियन आणि स्परमध्ये कागदाच्या चिटोऱ्याएवढी फट हवी. घट्ट बसवले तर दोन्ही किंचाळतात, सैल ठेवले तर दात उडतात. तामियाच्या स्वस्त किटमध्ये चाकांच्या धुऱ्यांना प्लास्टिकचे बुश येतात. ते काढून ११५० मापाचे बॉल बेअरिंग घातले, की तीच मोटर जास्त मोकळी पळते आणि कमी तापते. मोटर बदलण्याआधी करायची सुधारणा ही. हॉबीविंगची १०६० ही ईएससी या वर्गात सर्रास वापरली जाते : पाण्याला न घाबरणारी, दोन सेलच्या लिपोवर १२ टर्नपर्यंतची मोटर झेलणारी. तिच्यावर बॅटरीचा प्रकार निवडायला एक जंपर असतो. लिपो लावून जंपर निकेल बॅटरीच्या जागी ठेवला, तर सेल तीन व्होल्टच्या खाली उतरून कायमचा मरतो. नव्या लोकांच्या बॅटऱ्या जातात त्या बहुतेक अशाच.

भारतात या छंदाची खरी अडचण सीमाशुल्काची. खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्काही सक्तीचा झाला. देशी खेळण्यांसाठी हे चांगलं असेल, पण तामियाच्या किटची किंमत इथल्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर गेली. मग हात वळतो चिनी गाड्यांकडे. डब्ल्यूएल टॉइजची १:१४ ची १४४००१ ही ५५० मोटरीची बग्गी, किंवा डब्ल्यूपीएलचा सुझुकी कॅरीवर बेतलेला डी१२ हा छोटा ट्रक, जो आपल्या रस्त्यांवरच्या टेम्पोंच्या इतका जवळचा वाटतो की लोक त्याला मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ रंगवतातच.

मोटर मात्र इथे सहज मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सची जी दुकानं आहेत, तिथे इंजिनिअरिंगची मुलं रोबोटसाठी मोटरी घ्यायला येतात. त्याच गठ्ठ्यात ५४० आणि ५५० सापडतात, बहुतेक हजार रुपयांच्या आतल्या. बंद पडलेल्या बॅटरीच्या ड्रिल मशीनमध्ये किंवा लहान मुलं बसून चालवतात त्या गाडीतही अनेकदा ५५० असते. ड्रिलमधली १८ व्होल्टसाठी बांधलेली असेल तर ७.२ व्होल्टवर ती रेंगाळते, पण क्रॉलरला रेंगाळणारीच हवी असते. घेताना शाफ्टची जाडी बघावी. ५४० चा शाफ्ट ३.१७ मिलिमीटरचा असतो आणि पिनियनचं भोक त्याच मापाचं.

घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. चांगल्या मोटरीच्या मागच्या टोकांवर मसुरीच्या डाळीएवढे सिरॅमिक कपॅसिटर डाग दिलेले असतात, ०.१ मायक्रोफॅरडचे. कार्बनच्या ठिणग्यांमुळे रेडिओत होणारी खरखर ते गिळतात. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या काळात ते नसले तर गाडी आपल्या मनाने वळायची. २.४ गिगाहर्ट्झच्या आजच्या रिमोटला तेवढा त्रास होत नाही, तरी लांबवर गेल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागलं तर पहिला संशय त्यांच्यावरच घ्यावा. जळालेली मोटर टाकताना तिचे कपॅसिटर आधी काढून ठेवावेत. नव्या स्वस्त मोटरीवर ते बहुधा नसतात.